टपाल पाड्यापर्यंत यावं म्हणून

तलासरी तालुक्यात एक गिरगाव आहे. मुंबईतही गिरगाव आहे आणि ते अधिक ओळखीचं आहे. दूरच्या एखाद्या कार्यालयातून ‘गिरगाव, महाराष्ट्र’ एवढ्याच पत्त्यावर पाकीट निघालं, तर ते मुंबईच्या ४००००४ च्या पिशवीत पडण्याची शक्यता जास्त. तलासरीत डोंगरी आहे, झरी आहे. या नावांची ठिकाणं राज्यात इतरत्रही सापडतात. नावांचा हा घोळ देशभरच होता. त्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. तो आखणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातले, संस्कृतात कविता करणारे. त्यांनी केलेली सोय डहाणू-तलासरीकडच्या माणसाला आज कुणापेक्षाही जास्त उपयोगी आहे, कारण आपण राज्याच्या अगदी कडेला राहतो.

पिनमधला पहिला आकडा देशातला विभाग सांगतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा ४, गुजरात आणि राजस्थानचा ३. तलासरीच्या एका बाजूला गुजरातचा उंबरगाव तालुका, दुसऱ्या बाजूला दादरा-नगर हवेली. उंबरगावचा पिन ३९६१७०, सिल्वासाचा ३९६२३०. वेवजीसारखं गाव तर पलीकडच्या सोळसुंब्याला इतकं चिकटलेलं आहे, की नवख्या माणसाला सीमा कुठे संपली ते कळत नाही. अशा ठिकाणी फॉर्म भरणाऱ्याने ४ ऐवजी ३ ने सुरू होणारा आकडा टाकला, तर पाकीट थेट दुसऱ्या राज्याच्या टपालात जातं आणि तिथून फिरून यायला कितीही दिवस लागू शकतात. जातीच्या दाखल्याचा, नोकरीच्या मुलाखतीचा किंवा बँकेच्या कार्डाचा कागद असा फिरत राहिला, तर नुकसान टपाल खात्याचं होत नाही, आपल्या घरातल्या मुलाचं होतं.

म्हणून पहिलं काम हे: आपला पिन पाठ करा, आणि घरातल्या मोठ्या मुलांकडूनही करून घ्या. डहाणू ४०१६०१, डहाणू रोड ४०१६०२, तलासरी ४०१६०६, कासा ४०१६०७, बोर्डी ४०१७०१, घोलवड ४०१७०२, वाणगाव ४०११०३, चिंचणी ४०१५०३. डहाणू गाव आणि डहाणू रोड यांचे पिन वेगळे आहेत हे शहरात राहणाऱ्यांच्याही ध्यानात नसतं. तालुका डहाणू म्हणून पिन डहाणूचा, असं धरून चालू नका. पूर्व पट्ट्यातल्या गावाचा पिन कासाचा असू शकतो, दक्षिणेकडच्या गावाचा वाणगावचा. शेजारच्या गावावरून अंदाज बांधण्यापेक्षा आपल्या शाखा डाकघरात जाऊन एकदा विचारा आणि घराच्या दारामागे खडूने लिहून ठेवा.

पिननंतरची गफलत ‘मु. पो.’ मध्ये होते. आपण सवयीने ‘मु. पो.’ लिहून पुढे गावाचं नाव टाकतो. पण मुक्काम म्हणजे तुम्ही राहता ते गाव, आणि पोस्ट म्हणजे ज्या गावात डाकघर आहे ते. प्रत्येक गावात डाकघर नसतं. तुमच्या गावात नसेल, तर मुक्कामापुढे तुमचं गाव आणि पोस्टपुढे डाकघराचं गाव, असं वेगळं लिहायला हवं. हे एवढं केलं तरी पाकीट एक पायरी चुकायचं वाचतं. त्याखाली तालुका, मग जिल्हा पालघर. जिल्हा होऊन बराच काळ लोटला, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर ठाण्यापासून वेगळा झाला, तरी अनेकांच्या आधारवर आणि जुन्या खातेपुस्तकांवर अजून ‘जि. ठाणे’ आहे. पिन बरोबर असेल तर टपाल येतं. पण बाहेरच्या संगणकात जिल्हा आणि पिन जुळले नाहीत की अर्जच अडकतो, आणि तो का अडकला हे कुणी सांगत नाही. आधार केंद्रात पत्ता दुरुस्त करायला १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये घेतात. ते ७५ रुपये खर्च करा. आणि केंद्रावरच्या मुलाने इंग्रजीत पाड्याचं नाव कसं टाइप केलं आहे ते पावतीवर वाचून, नाहीतर वाचून घेऊन, मगच उठा. तिथे एक अक्षर चुकलं की पुढे प्रत्येक कागदावर ती चूक उतरते.

आता खरी अडचण. आपल्याकडे गाव म्हणजे एका ठिकाणी दाटीने उभी घरं नव्हेत. गाव म्हणजे पाडे: पाटीलपाडा, डोंगरीपाडा, मधे ओहोळ, मधे टेकडी, एका पाड्यापासून दुसरा चांगला लांब. पाटीलपाडा तर गावोगावी आहे. त्यात एकेका पाड्यात एकाच आडनावाची पुष्कळ घरं, आणि नाव-आडनाव दोन्ही जुळणारी दोन माणसंही सहज निघतात. अशा ठिकाणी नुसतं ‘नाव, आडनाव, गाव’ हा पत्ता पुरत नाही. वडिलांचं नाव घालाच. बाई असेल तर नवऱ्याचं किंवा वडिलांचं, कागदपत्रांवर जे असेल तेच. पाड्याचं नाव घाला. त्यानंतर जवळची एक न हलणारी खूण लिहा: जिल्हा परिषदेची शाळा, आश्रमशाळा, अंगणवाडी, रेशनचं दुकान, पाण्याची टाकी. ‘चिंचेच्या झाडाजवळ’ असं लिहू नका, चिंचा पाड्यावर खूप असतात. आणि चालू असलेला मोबाइल नंबर लिहा. आपल्याकडे सिम वारंवार बदलतात. नंबर बदलला तर बँक, शाळा आणि आधार या तीन ठिकाणी तरी तो बदलून घ्या.

टपाल खात्याने २७ मे २०२५ रोजी ‘डिजिपिन’ नावाची सोय खुली केली. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या मदतीने ती तयार झाली आहे. सगळा देश साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत वाटला आहे आणि प्रत्येक चौकोनाला अक्षरं-आकड्यांचा दहा चिन्हांचा संकेत आहे. घराला नंबर नाही, रस्त्याला नाव नाही, अशा पाड्यासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे असं मला वाटतं. घराच्या अंगणात उभं राहून स्मार्टफोनवर टपाल खात्याच्या संकेतस्थळावरचं ‘आपला डिजिपिन जाणून घ्या’ हे पान उघडा, फोनला जागा दाखवायची परवानगी द्या, आणि आलेला संकेत लिहून घ्या. घरात असा फोन नसेल तर शाळेतल्या शिक्षकांना किंवा कॉलेजात जाणाऱ्या पोराला सांगा. एका दुपारी अख्ख्या पाड्याचे संकेत काढून होतील. हा संकेत पिनच्या जागी लिहायचा नाही, पत्त्याच्या शेवटी जोडायचा. रुग्णवाहिकेला रस्ता सांगतानाही तो उपयोगी पडेल.

डाकसेवकाशी ओळख

पत्ता कितीही नेटका असला तरी शेवटच्या मैलात एक माणूस असतो. गावातलं शाखा डाकघर ग्रामीण डाकसेवक चालवतात. एक शाखा डाकपाल, आणि असलाच तर बटवड्यासाठी एक सहायक. त्यांचं काम दिवसाला चार-पाच तासांचं ठरवलेलं असतं, त्यामुळे दुपारी उशिरा गेलात आणि दार बंद दिसलं तर ते चुकवेगिरी करतात असं समजू नका. उघडं असण्याची वेळ विचारून घ्या. देशात सुमारे १ लाख ६४ हजार डाकघरं आहेत आणि त्यांतली बहुसंख्य अशीच गावातली, एका खोलीतली आहेत.

या डाकसेवकांची निवड दहावीच्या गुणांवर होते. त्यामुळे पुष्कळदा दुसऱ्या जिल्ह्यातला तरुण किंवा तरुणी आपल्या गावात रुजू होते. त्यांना पाडे माहीत नसतात, वारली बोली कानावर पडलेली नसते, पावसाळ्यात कोणता ओहोळ कुठून ओलांडायचा ते ठाऊक नसतं. नवा डाकसेवक आला की पाड्यावरच्या दोघा-चौघांनी जाऊन भेटावं, पाड्यांची नावं आणि मुख्य घरं एका कागदावर लिहून द्यावीत, एकदा बरोबर फिरून दाखवावं. परका जीव आहे, त्याला घराच्या ओटीवर बसवून पाणी द्या. ही माणुसकी आहेच, शिवाय पुढची कित्येक वर्षं तुमची पाकिटं त्याच्या हातून येणार आहेत.

डाकसेवक आला आणि घर बंद असलं, तर पाकीट परत डाकघरात जातं आणि साधारण सात दिवस तिथे थांबतं. मग पाठवणाऱ्याकडे रवाना होतं. म्हणून कुठलाही अर्ज केला असेल, पॅन असो, मतदार कार्ड असो, गाडी चालवण्याचा परवाना असो, तर वाट बघत घरी बसू नका. बाजाराला निघालात की डाकघरात डोकावून या. पाकीट परत गेलं असेल तर त्यावर काय शेरा मारला ते विचारा. ‘अपुरा पत्ता’ असेल तर पत्ता सुधारून पुन्हा मागवा. ‘घर बंद’ असेल तर पुढच्या वेळी कुणाला तरी सांगून ठेवा. ‘पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा असेल आणि तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहत असाल, तर लगेच लेखी तक्रार करा, कारण उद्या कुणी तो कागद तुमच्याविरुद्ध दाखवू शकतं.

एका गोष्टीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांतून बुलेट ट्रेनचा मार्ग जातो, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग जातो, वाढवणला बंदराचं काम निघालं आहे. वनहक्काचे दावे वर्षानुवर्षं चालू आहेत. जमिनीच्या नोटिसा येत राहतात. ‘कोर्टाचं पाकीट दिसतंय, घेऊच नका, सही केली की अडकलो’ असा सल्ला पाड्यावर सर्रास दिला जातो, आणि तो घातक आहे. योग्य पत्त्यावर रजिस्टर टपालाने पाठवलेली नोटीस मिळालीच असं कायदा गृहीत धरतो. तुम्ही नाकारली, तर पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडतो आणि तोच बटवड्याचा पुरावा ठरतो. सुनावणीची तारीख मात्र तुम्हाला कळत नाही. पाकीट घेतल्याची सही म्हणजे आतल्या मजकुराला संमती नव्हे. घ्या, ज्या दिवशी मिळालं ती तारीख पाकिटावर पेनाने लिहा, पाकीट फेकू नका, आणि त्याच आठवड्यात तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे किंवा विश्वासातल्या कार्यकर्त्याकडे जा.

दिवाळीनंतर निम्मा पाडा रिकामा होतो. कुणी वीटभट्टीवर, कुणी उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत, कुणी गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून. कागद मात्र याच काळात येतात. निघण्याआधी डाकघरात एक साधा अर्ज द्या: मी अमुक महिने बाहेर असेन, माझं टपाल माझ्या वतीने अमुक व्यक्तीला द्यावं. खाली तुमची आणि त्या व्यक्तीची सही किंवा अंगठा, दोघांच्या ओळखपत्राच्या प्रती. घरी कुणीच राहणार नसेल, तर टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याचाही अर्ज करता येतो. पासपोर्ट मात्र अर्जदाराच्याच हाती देतात, त्याला हा मार्ग चालत नाही.

पाठवताना

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये मिसळली. पाकीट ज्याच्या नावाचं आहे त्याच्याच किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्या हाती पडावं असं वाटत असेल, तर खिडकीवर ‘स्पीड पोस्ट, नोंदणीसह’ असं स्पष्ट सांगा. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरांनुसार ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला गावाबाहेर देशात कुठेही ४७ रुपये, नोंदणीचे ५ रुपये आणि त्यावर १८ टक्के कर. ओटीपी सांगितल्यावरच बटवडा करण्याची सोयही ५ रुपयांत आहे. पण आपल्याकडे डोंगराआडच्या पाड्यात नेटवर्क नसतं, ओटीपी वेळेवर येत नाही. पाड्यावर पाठवायच्या पाकिटाला ही सोय घेऊ नका, नोंदणी पुरे. विद्यार्थ्यांना दरात १० टक्के सवलत आहे. परीक्षेचे अर्ज पाठवताना ती मागून घ्या.

पावतीवर तेरा चिन्हांचा क्रमांक असतो: सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी भारताची दोन अक्षरं. पाकीट कुठे पोचलं ते या क्रमांकावरून कळतं. पावतीची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून तिचा त्याच दिवशी फोटो काढा.

गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे वारली चित्र जगभर गेलं, आणि आज आपल्या पाड्यांतली कितीतरी मुलं-मुली चित्रं काढून विकतात. गिऱ्हाईक पुण्यात नाहीतर बंगळूरला. कापडावरचं किंवा कागदावरचं चित्र घडी घालून पाठवू नका. गुंडाळा, चित्राची बाजू बाहेरच्या अंगाला ठेवा, वरून पातळ कागद, मग जाड पुठ्ठ्याची किंवा पीव्हीसी पाइपची नळी, आणि दोन्ही तोंडं नीट बंद. पावसाळ्यात नळीच्या आत प्लास्टिकची पिशवी हवीच. पत्ता दोनदा लिहा, एक बाहेर आणि एक आत. परदेशी पाठवायचं असेल तर ठरावीक डाकघरांत ‘डाकघर निर्यात केंद्र’ असतं. तिथे सीमाशुल्काचे कागद भरता येतात, पण आधी आयात-निर्यातीचा कोड काढावा लागतो. किमती चित्राचा विमा उतरवा. साध्या स्पीड पोस्टची भरपाई चित्राच्या किमतीच्या जवळपासही जात नाही.

चिकूबद्दल थोडंच. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून थेट घरपोच मागणी वाढते आहे. कडक, पूर्ण तयार पण न पिकलेलं फळच टपालात टाका, खोक्याला भोकं ठेवा, शुक्रवारी-शनिवारी पाठवू नका, रविवारी खोकं कुठेतरी पडून राहतं. सुकवलेला चिकू पाठवणं यापेक्षा पुष्कळ सोपं.

कुरिअर आणि नाका

खासगी कुरिअरचं गणित वेगळं. एका पाकिटासाठी डोंगर चढणं त्यांना परवडत नाही. म्हणून ऑनलाइन दुकानात पिन टाकला की ‘या ठिकाणी सेवा नाही’ असं येतं, किंवा मुलगा फोन करून चारोटी नाक्यावर, तलासरी नाक्यावर या म्हणतो. त्यावर चिडण्यापेक्षा आधीच सोय लावावी. नाक्यावरच्या ओळखीच्या दुकानदाराची परवानगी घ्या आणि ‘द्वारा’ लिहून त्याच्या दुकानाचा पूर्ण पत्ता, त्याच्याच पिनसह द्या. आपल्या पाड्याचा पत्ता आणि पिन डहाणू रोडचा, अशी जोडगोळी करू नका. सेवा आहे असं दिसतं, पण पार्सल भलतीकडे अडकतं. दुकानदार तुमचं खोकं सांभाळतो, त्याला चार पैसे द्या. आणि मागवण्याआधी बघा, विकणारा टपाल खात्यातून पाठवतो का. पाठवत असेल तर पार्सल तुमच्या शाखा डाकघरापर्यंत येईल.

वस्तू आल्यावर पैसे देणार असाल तर आधी खोक्यावरचं नाव आणि पाठवणारा वाचा. न मागवलेल्या पार्सलला एक रुपयाही देऊ नका, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगून ठेवा. ओटीपी खोकं हातात आल्यावरच सांगा. खोकं उघडताना फोनवर चित्रण करा, परत करायची वेळ आली तर तोच पुरावा.

‘तुमचं पार्सल पत्ता अपुरा असल्याने अडकलं आहे, बारा तासांत या लिंकवर पत्ता भरा’ असा संदेश टपाल खात्याच्या नावाने येतो. तो खोटा असतो. टपाल खातं असं लिंक पाठवून पत्ता किंवा पैसे मागत नाही. त्याच्या संकेतस्थळाचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा असतो. कुरिअरवाला म्हणून कुणी फोनवर चांदणीच्या खुणेने सुरू होणारा आकडा दाबायला सांगितला तर दाबू नका, तुमचे फोन आणि ओटीपी त्याच्याकडे वळतात. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० ला फोन करा. मालाबद्दलची तक्रार ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर होते, मराठीतही.

टपालाबद्दलची तक्रार आधी शाखा डाकघरात, मग उपडाकघराच्या पोस्टमास्तरांकडे, मग १८०० २६६ ६८६८ या मोफत क्रमांकावर किंवा विभागाच्या डाक अधीक्षकांकडे लेखी. तोंडी तक्रारीचा माग राहत नाही. क्रमांक, तारीख, कुठून पाठवलं, काय झालं, एवढं चार ओळींत लिहिलं तरी चालतं, आणि ते मराठीत लिहायला मुळीच संकोचू नका.

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, इथल्या ग्रामसभेच्या ठरावाला वजन आहे. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या: गावातल्या सगळ्या पाड्यांची नावं मराठीत आणि इंग्रजीत एकाच पद्धतीने लिहून ठरवावीत, प्रत्येक पाड्याच्या तोंडाशी ग्रामपंचायतीने फलक लावावा, घरांना नंबर द्यावेत. त्या यादीची एक प्रत शाखा डाकघराला, एक आधार केंद्राला, एक शाळेला द्यावी. डाकघर फार लांब असेल तर नव्या शाखेची मागणी त्याच ठरावात लिहून डाक अधीक्षकांकडे पाठवावी, नोंदणीसह स्पीड पोस्टनेच.